बारा दारांचं पाणी

"किती गार आहे हो! हे पाणी कोण मारतं?"

पुण्याहून आलेल्या एका बाईंनी विचारलं. मे महिना, दुपारचे दोन. बाहेर फरशीवर पाय ठेवायची सोय नाही आणि आत बाई वाळ्याच्या ओल्या पडद्याला तळहात लावून उभ्या.

"कोणी नाही, मॅडम," मी म्हणाले. "ही महाराजांच्या काळातली जलयंत्रणा आहे. इथं माणूस लागत नाही."

त्या पडद्याच्या पलीकडं, हाताभर अंतरावर, माझी माय उभी होती. लोखंडी स्टुलावर. हातात पाण्याचा मग.

आतून बाहेरचं सावलीसारखं दिसतं, बाहेरून आतलं दिसत नाही. मला तिची सावली दिसत होती. वर केलेला हात, डोक्यावरून घेतलेला पदर. तिला मी दिसत नव्हते, पण माझं बोलणं सगळं ऐकू जात होतं. वाळ्याचा पडदा ऊन अडवतो, आवाज अडवत नाही.

मी ते वाक्य म्हणाले आणि पडद्यावरून उतरणारी धार थांबली. मी एकदा श्वास घेतला, एवढाच वेळ. मग पुन्हा सुरू झाली.

माझ्या मागं मॅनेजर साहेब उभे होते. ते समाधानानं हसले. बाईंनी नवऱ्याला हाक मारली, "अहो, हे बघा, त्या काळातलं इंजिनिअरिंग!" दोघांनी पडद्यासमोर उभं राहून फोटो काढला. फोटोत मागं एक सावली आली असेल. त्यांना ती झाडाची वाटली असेल.

मी पुढच्या दाराकडं वळले आणि पुढची माहिती सांगितली. जीभ कुठंही अडखळली नाही. आज मला त्याचीच जास्त लाज वाटते.

आमचं गाव मेहकर तालुक्यात. बाबा वांगी, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावतात आणि जानेफळच्या बाजारात नेऊन विकतात. गावामागं टेकडी आहे आणि टेकडीवर तो महाल. राजाचं संस्थान दूर कुठं तरी खाली. तिथलं ऊन सोसवेना म्हणून त्यानं इथं वर, वाऱ्यावर, बारा दारांचा उन्हाळी महाल बांधला आणि उतारावर टप्प्याटप्प्यानं बाग उठवली. सरूची झाडं, गुलाबाचे वाफे, दगडी पाट, कारंजी, मधोमध कमळांचं टाकं. कागदोपत्री महालाला लांबलचक नाव आहे. गाव त्याला बारादरी म्हणतं.

राजानं बाग उठवली, असं मीही लोकांना सांगत आले. राजानं एक घमेलंही उचललं नसेल. माती आमच्याच गावच्या पणज्यांनी वाहिली. हे मला माहीत होतं, पण हातात दिलेल्या माहितीपत्रकात ते नव्हतं.

मधली कित्येक वर्षं महाल बंद पडून होता. मग राजाच्या वारसांनी तो एका कंपनीला चालवायला दिला. रंगरंगोटी झाली, हिरवळ लावली, गेटवर तिकीटखिडकी आली. उघडायच्या आदल्या दिवशी गावाला फुकटात आत सोडलं. मी तेव्हा शाळेत होते. आम्हा सगळ्यांच्या चपला गेटबाहेर काढायला लावल्या. हिरवळ खराब होते म्हणाले. आम्ही पाय चटचट उचलत, हसत, सगळी बाग पाहिली. देवळात गेल्यासारखं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी तिकीट काढून आलेली माणसं बूट घालून त्याच हिरवळीवर बसली होती. मी कुंपणाबाहेरून पाहिलं, पण तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. तिकीट काढलं म्हणजे बूट चालतात, असा हिशेब मी लावला.

कंपनीनं बारा दारांना वाळ्याचे पडदे लावले. पूर्वी राजाच्या काळातही होते म्हणे. वर भोकांची नळी बसवली, की पाणी आपोआप ठिबकावं. पहिल्याच उन्हाळ्यात आमच्या खाऱ्या पाण्यानं नळीची भोकं बुजली. साफ केली, पुन्हा बुजली. मग गावातल्या तीन बाया ठेवल्या. एक माझी माय. एक गंगूकाकू. तिसरीनं माझं नाव कुठं घालू नको म्हटलंय, म्हणून घालत नाही.

बारा दारं, तीन बाया, वाट्याला चार-चार. मे महिन्यात पडदा पाव तासात वाळतो. चौथं दार भिजवून होतं तोवर पहिलं सुकलेलं असतं. म्हणजे सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत बाईनं थांबायचंच नाही. पाणी फेकायचं नाही, आत शिंतोडे उडतात. स्टुलावर चढायचं, पाण्यानं भरलेला मग वरच्या कांबीला टेकवायचा आणि धार हळूहळू सरकवत न्यायची, तव्यावरच्या भाकरीला पाण्याचा हात फिरवतात तशी. मायचा त्यात हात बसलेला होता. तिच्या दारांचे पडदे वरपासून खालपर्यंत सारखे ओले असायचे आणि आतल्या फरशीवर थेंब नसायचा.

आणि आवाज होता कामा नये. बादली आपटायची नाही. बोलायचं नाही. खोकला आला तर सरूच्या झाडामागं जायचं. राहता राहिल्या बांगड्या. पहिल्या वर्षीच साहेबांनी सांगितलं, उद्यापासून बांगड्या काढून या, आत किणकिण ऐकू येते. तिघींचेही नवरे जिवंत. आमच्याकडं नवरा असलेली बाई हात रिकामे ठेवत नाही. काचेची बांगडी फुटली तरी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. या सगळ्यावर मी मायशी भरपूर भांडलेय. कॉलेजात एकदा भाषणही ठोकलंय. पण बांगडी काढायची की ठेवायची हे तिचं तिनं ठरवायचं, साहेबानं नाही. तिघींनी मग आपसात मार्ग काढला. जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडल्या आणि बांगड्यांभोवती घट्ट गुंडाळल्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, या बायांचे हात भाजलेत. साहेबांनी पाहिलं आणि मान हलवली. चालेल म्हणाले.

अशी आठ वर्षं गेली. मी मेहकरच्या कॉलेजातून इतिहास घेऊन बी.ए. झाले. त्याच सुमारास महालाला गाईड हवी होती. मी अर्ज टाकला.

मॅनेजर साहेबांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. अहो-जाहो बोलले. माझ्याशी आजवर कोणी साहेब असं बोलला नव्हता. मी हुरळून गेले.

"ज्ञान चांगलं आहे तुमचं," ते म्हणाले. "फक्त ते मले-तुले घरी ठेवून यायचं."

मी मान डोलावली. आठ दिवस आरशासमोर घोकलं. मला, तुला, त्याला. आहे, नाही, पाहिजे. मग त्यांनी माहितीपत्रक दिलं पाठ करायला. त्यात ती जलयंत्रणा होती.

"पण सर, पाणी तर बाया मारतात," मी म्हणाले. एवढं मात्र मी विचारलं होतं.

"पाहुण्यांना दिसतात का?"

"सावली तेवढी दिसते."

"मग झालं तर. लोक इथं राजवैभव बघायला येतात. बादल्या बघायला नाही."

उठताना त्यांनी आणखी एक सांगितलं. माझी आई तिथं कामाला आहे हे त्यांना ठाऊक होतं. ड्युटीवर असताना ओळख दाखवायची नाही. पावसाळ्यापर्यंत काम नीट केलं तर कायम करू.

मी हो म्हणाले. कायम झाले की मायचं स्टूल सुटेल, असं मी स्वतःला समजावलं. एका उन्हाळ्याचा तर प्रश्न आहे. मी अशी स्वतःची समजूत घालण्यात पहिल्यापासून पटाईत आहे.

एकदा माझा डबा घरी राहिला. मायनं मागच्या वाटेनं येऊन तो माझ्यासाठी शिपायाजवळ दिला. शिपाई नवा होता. "ही कोण तुमची?" त्यानं विचारलं. साहेब शेजारीच होते.

"गावातली आहे," मी म्हणाले.

माय चार पावलं गेली होती. तिनं ऐकलं की नाही, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही. भाकर-ठेचा मात्र पोटभर खाल्ला.

तर त्या पुण्याच्या बाई येऊन गेल्या त्या दिवशी संध्याकाळी मी घरी आले. माय ओट्यावर बसली होती. दोन्ही हात मांडीवर उताणे. दिवसभर पाण्यात राहून तिची बोटं पांढरी पडायची, सुरकुतायची. ती त्यांना वारा लावत बसायची.

"आज तुहा आवाज लय साफ आला वं," ती म्हणाली. "तू बोलाले लागली का म्या हात हळू चालवतो. ऐकू याव म्हून."

बाबा वाफ्यावरून आले होते. पाय धुता धुता त्यांनी विचारलं, "काय सांगत होती पोरगी?"

माय सरळ बसली. पदर सारखा केला. आणि माझ्या आवाजात, माझ्या त्या घोकलेल्या मराठीत, एकही अक्षर न चुकता म्हणाली, "ही महाराजांच्या काळातली जलयंत्रणा आहे. इथं माणूस लागत नाही."

बाबा खो खो हसले. "मंग तू कोन वं? भूत?"

"भूतच तं. बारादरीचं भूत. चार दाराचं."

दोघंही हसत होते. त्यात टोमणा नव्हता. पोरगी मोठ्या माणसांत बोलते याचं त्यांना कौतुक होतं. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. जेवण होत आलं तेव्हा मी विचारलं.

"माय, तुले राग नाई आला?"

"कायचा राग? नोकरी हाय. तठी तसंच बोला लागते. मले मालूम नाई का?" ती ताटं गोळा करायला लागली. मग हात थांबवून म्हणाली, "एक झालं पन. तू तसं म्हनली तं माहा हात वरच राह्यला. वाटलं, खरंच नाई का मी अठी?"

एवढं बोलून ती मोरीकडं गेली.

अशा गोष्टी सांगताना माणसं स्वतःला लगेच पेटून उठलेलं दाखवतात. मी पेटले नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले आणि पुन्हा तेच वाक्य म्हणाले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. रोज चार वेळा, सुट्टीच्या दिवशी सहा वेळा. फक्त मायच्या दाराशी आले की ते वाक्य मी भरभर म्हणून टाकायचे. माझं बंड तेवढंच होतं. साहेबांनी तेही हेरलं. "घाई करू नका तिथं," म्हणाले. "लोकांना तेच आवडतं."

मग राजाचे वारस आले. गावात त्यांना अजून सरकार म्हणतात. राजेपण जाऊन किती पिढ्या झाल्या, पण म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी तेच बसलंय. सरकार दरवर्षी उन्हाळ्यात एकदा येऊन जायचे. या वेळी पत्नीला आणि दहा-बारा पाहुण्यांना घेऊन आले. साहेब सकाळपासून पळत होते. हिरवळीवरचं वाळलेलं पान न् पान उचलून घेतलं. कारंजी सुरू केली. तिघी बायांना सहा वेळा बजावलं.

मी पाहुण्यांना बाग दाखवली. सरूची रांग, कमळांचं टाकं, राजा संध्याकाळी बसायचा तो दगडी चौथरा. सरकारांनी मला नाव विचारलं, शिक्षण विचारलं. "छान बोलता," म्हणाले. साहेबांचा चेहरा फुलला. पावसाळ्याची वाट बघायला नको, आजच कायम होते की काय, असं मला वाटून गेलं.

मग सगळे आत आले. मायच्या दाराजवळ आम्ही थांबलो. मी तोंड उघडलं आणि बाहेरून किण् असा आवाज आला. मग पुन्हा. चिंधी भिजून सुटली होती.

"हा आवाज कसला?" राणीसाहेबांनी विचारलं.

"झुंबराचा, मॅडम," मी म्हणाले. "वाऱ्यानं लोलक वाजतात."

झुंबर जागचं हललं नव्हतं. सगळ्यांनी वर पाहिलं आणि कौतुकानं माना डोलावल्या. मला ते इतक्या सहज सुचलं होतं. कोणी शिकवलेलंही नव्हतं.

साहेब बाजूच्या दारानं बाहेर सटकले. पडद्यावर आता दोन सावल्या झाल्या. ते खालच्या आवाजात बोलत होते, पण मला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"बांगड्या काढा."

"चिंधी सुटली, साहेब. बांधतो आता."

"चिंधी नको. काढा. आत्ता."

"मालक जिता हाय माहा, साहेब."

"मग घरी जाऊन मालकाजवळ बसा. काढता का दुसरी बाई बोलावू?"

मी आवाज चढवला. मला कोणी खूण केली नव्हती. मी आपणहून चढवला, पाहुण्यांना बाहेरचं ऐकू जाऊ नये म्हणून. महाराजांच्या दयाळूपणाचा भाग होता तो. दुष्काळात कोठारं उघडली, हे केलं, ते केलं. माझा आवाज त्या उंच छताला लागून परत येत होता. समोरच्या सावलीनं हातातला मग खाली ठेवला. एका हातानं दुसरं मनगट धरलं. पाण्यानं फुगलेल्या हातावरून बांगडी निघत नव्हती. ती ओढत होती.

आणि मग ती म्हणाली, "साहेब, आत माही पोरगी बोलून राह्यली. तिचं होऊ द्या. मंग काढतो."

"महाराज प्रजेला लेकरासारखं," एवढं माझं म्हणून झालं होतं. पुढचा शब्द आला नाही.

सगळे माझ्याकडं बघत राहिले. विसरली, असं वाटलं असेल. मी दाराजवळ गेले. पडद्याची दोरी चौकटीला बांधलेली असते. ती सोडली आणि दोन्ही हातांनी ओढली. पडदा गुंडाळत वर गेला. भट्टीचं दार उघडावं तसं ऊन आत आलं.

दारात साहेब. बोट अजून मायच्या हाताकडं रोखलेलं. माय स्टुलावर. पातळ गुडघ्यापर्यंत ओलं, पदर खांद्यावरून घसरलेला, मनगटावर अर्धी सुटलेली चिंधी.

"हे माही माय हाये," मी म्हणाले. आरशासमोर घोकलेलं सगळं कुठल्या कुठं गेलं. "बारा दाराले पानी ह्या तीन बाया टाकतात. यंत्र-बिंत्र काही नाई. झुंबरबी वाजत नाई. मी खोटं सांगून राह्यली होती. रोज."

एकानं फोन वर धरला. राणीसाहेबांनी डोळ्यांवर हात आडवा धरला.

"ऊन येतंय," त्या म्हणाल्या. "खाली सोडा ना ते."

त्या रागावल्याही नव्हत्या. पंखा बंद पडल्यावर सांगतात तसं त्यांनी सांगितलं.

मी दोरी सोडली नाही. पण मायनं पदर ओढून तोंड झाकलं आणि पाठ केली. "सोड ते खाली," ती पदराआडून म्हणाली. "लोकं पाहून राह्यले."

मग कोणीतरी माझ्या हातातून दोरी घेतली.

कामावरून काढून टाकल्यावर आम्ही दोघी मागच्या वाटेनं टेकडी उतरलो. माय पुढं, मी मागं. मला वाटत होतं, आता ती वळेल, मला जवळ घेईल. मी स्वतःला फार शूर समजत होते. उतार संपेपर्यंतच टिकलं ते.

पायथ्याशी ती थांबली. वळली. तिचे डोळे लाल होते.

"मले इचारलं होतं का?" ती म्हणाली.

तिनं पदर पुन्हा घट्ट ओढून घेतला.

"भूत होती तं माही इज्जत माह्यापाशी होती. आज तू मले साऱ्याइले दाखवली. वल्या पातळात. त्या मोबाइलवाल्यालेबी. कोनाले इचारून?"

ती नाहीच, असं सांगताना मी तिला विचारलं नव्हतं आणि ती आहे, असं सांगतानाही विचारलं नव्हतं. दोन्ही वेळा तोंड माझंच चाललं होतं. साहेबांनी तिला पडद्याआड ठेवलं आणि मी पडदा उघडून तिला लोकांसमोर उभं केलं. तिला स्टुलावरून खाली उतरायला वेळ द्यावा, पदर सारखा करू द्यावा, हेही मला सुचलं नाही.

आठ दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. बारादरीवर उरलेल्या दोघींना सहा-सहा दारं वाटून दिल्याचं कळलं. त्यातली गंगूकाकू तिसऱ्या दिवशी काम सोडून आली. सहा दारं एका बाईच्यानं होत नाहीत.

मग महालावरून शिपाई कागद घेऊन आला. टाईप केलेला, खाली माझ्या सहीसाठी जागा सोडलेली. मी पाहुण्यांची दिशाभूल केली, त्याबद्दल दिलगीर आहे. जलयंत्रणेविषयी मी जे बोलले ते अज्ञानातून बोलले. मी आई म्हणून दाखवलेली संबंधित महिला महालाची कामगार नाही. सही केली तर मला परत घेणार होते, कायमही करणार होते.

"सही कर अन मोकयी हो," बाबा म्हणाले. त्यांचं चुकत नव्हतं. बाजारात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं त्यांनी, पोरगी बारादरीत मॅडम आहे म्हणून. शिपायानंही सांगितलं, विचार करा, अशी नोकरी तालुक्यात नाही.

मी तो कागद मायला वाचून दाखवला. ती वांगी निवडत होती.

"ह्याच्यात माहं नाव हाय का?" तिनं विचारलं.

"नाई. संबंधित महिला लिव्हलं."

"आठ उन्हाळे पानी टाकलं," ती म्हणाली. "नावबी नाई मालूम त्याइले." आणि पुन्हा वांगी निवडायला लागली.

मी तिच्यासमोर खाली बसले. म्हणाले, "माय, मी ह्याच्यावर सही करत नाई. खरं काय ते लिहू का? जिल्ह्याच्या कामगार कचेरीत देऊ. तुहं नाव घालून. तू नाई म्हनशीन तं नाई लिहीत."

तिनं निवडलेली वांगी टोपलीत भरली आणि उठली. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपुढं बसल्या बसल्या, माझ्याकडं न बघता म्हणाली, "लिही. पन सारं लिही. स्टुलाचं, खोकल्याचं, चिंध्याचंबी. अन माहं नाव पुरं लिही, बापाच्या घरचंबी."

मी गंगूकाकूला विचारलं. तिनं हो म्हटलं. तिसरीला विचारलं. ती नाही म्हणाली, तिला काम सोडता येत नाही. मी तिला एका शब्दानंही भरीला घातलं नाही.

शिपायाजवळ तो कागद तसाच परत दिला. सहीची जागा रिकामी. नोकरी गेली ती गेली. बाबा दोन दिवस जेवले नाहीत. बाजारात त्यांना कोणी विचारलं की ते सांबाराच्या जुड्या बांधत बसतात.

माझा अर्ज चार पानांचा झाला. त्यात मी माझंही लिहिलं. रोज चार वेळा खोटं बोलले ते, झुंबराचं, आवाज चढवला ते, डबा आणणाऱ्या बाईला गावातली म्हणाले ते. गंगूकाकू म्हणाली, तुहं कायले लिहितं, तुलेच अडचन होईन. होऊ दे. किती माणसं माझं ते वाक्य ऐकून घरी गेली, त्यांनी ते आणखी किती जणांना सांगितलं, मला माहीत नाही. त्यांच्यामागं मी जाऊ शकत नाही. ही लाज माझी आहे आणि ती मी कोणाला धुऊन टाकू देणार नाही.

यापुढं कुणाच्याही नोकरीत माझं तोंड भाड्यानं द्यायचं नाही. वांगी तोडीन, शिकवण्या घेईन, पाणीही मारीन. पण दुसऱ्यानं लिहिलेलं खोटं माझ्या आवाजात आता कोणी ऐकणार नाही.

काल मी मायला म्हणाले, कचेरीतल्या साहेबापुढं मी अर्ज नीट वाचून दाखवीन.

"नको," ती म्हणाली. "तुह्या तोंडानं लय झालं. म्या सांगीन."

उद्या पहिल्या बसनं आम्ही तिघी बुलढाण्याला जातोय. माय, गंगूकाकू आणि मी. बोलणार माय आहे, तिच्या बोलीत. तिथल्या साहेबाला समजलं नाही तर ती पुन्हा सांगेल. मी तिचा शब्द सुधारणार नाही, मधे पडून सावरणार नाही. तिचं पुरं होईस्तोवर त्या खोलीतनं कोणी उठायचं नाही. कोणी उठलाच, तर दार अडवून मी उभी आहे.